यकृत कोणाचे कोणाला चालते?

१९९८ साली वाशीम हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्याच वर्षी दिल्लीत एका बालकाला वडिलांच्या यकृताचा भाग बसवण्यात आला. बालकावरील ते भारतातील पहिले यशस्वी यकृत-प्रत्यारोपण.

आता उलट उदाहरण घेऊ. समजा, कारंज्याच्या एका शेतकऱ्याचे यकृत निकामी झाले आहे. तीनही सज्ञान मुले आपल्या यकृताचा भाग द्यायला तयार आहेत. कोणाचा चालेल?

पहिली कसोटी रक्तगटाची. वडिलांचा गट 'बी'. त्यांच्या रक्तात 'ए' प्रतिजनाविरुद्ध प्रतिपिंडे आहेत. थोरल्याचा गट 'ए', मधल्याचा 'एबी'. दोघांच्याही यकृतातील रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर 'ए' प्रतिजन असतो. वडिलांची प्रतिपिंडे त्यावर तुटून पडतील. धाकटीचा गट 'ओ'. तिच्याजवळ 'ए' नाही, 'बी'ही नाही, म्हणून तिचे यकृत चालते. म्हणजे पोटच्या मुलाचे जुळतेच असे नाही!

'ओ' गटातही एक मेख आहे. १९५२ साली मुंबईच्या डॉ. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'बॉम्बे' रक्तगट शोधून काढला. ही माणसे साध्या तपासणीत 'ओ' गटाची वाटतात, पण त्यांच्यात 'एच' प्रतिजनही नसतो. त्यामुळे त्यांना 'ओ' गटाचे रक्तसुद्धा चालत नाही.

दुसरी कसोटी आकारमानाची. नवा भाग रुग्णाच्या वजनाच्या साधारण ०.८ टक्के तरी हवा. वडील ६० किलोचे, म्हणजे ४८० ग्रॅम. मुलीचे यकृत ११०० ग्रॅमचे असेल, तर त्याचा उजवा ६० टक्के भाग ६६० ग्रॅम भरेल. तिच्याजवळ ४४० ग्रॅम उरेल. यकृतात चरबी साठलेली नसेल आणि इतर तपासण्या ठीक असतील, तर हे जमते. यकृत पुन्हा वाढते. काही महिन्यांत दोघांचीही बरीचशी भरपाई होते.

घरात कोणीच जुळले नाही तर? १९९४ च्या कायद्याने मेंदूमृत व्यक्तीचे अवयव नातेवाइकांच्या संमतीने देता येतात. विदर्भातील रुग्णांची प्रतीक्षायादी नागपूरचे विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र ठेवते. आजाराची तीव्रता मोजण्यासाठी बिलिरुबिन, क्रिएटिनिन आणि रक्त गोठण्याचा वेळ यांवरून गुण काढतात. जितके गुण अधिक, तितका धोका जवळ. थंड ठेवलेले यकृत सुमारे १२ तासच टिकते. म्हणून अंतरही पाहावे लागते.

आज घरातील सर्वांचे रक्तगट विचारा आणि कोण कोणाला देऊ शकेल, याचे कोष्टक मांडा. कोणाचा गट ठाऊकच नसेल, तर आधी तो तपासून घ्या.