मामा, दत्तक आणि भीमेचा काठ

पुण्याहून अहिल्यानगरच्या रस्त्याला लागलं, की वाघोली आणि लोणीकंद मागे टाकल्यावर पेरणे फाट्याजवळ जयस्तंभ दिसतो. पुढे भीमेचा पूल आणि पलीकडे कोरेगाव भीमा. तिथून डावीकडे वळून तीन-चार किलोमीटर गेलं, की वढू बुद्रुकला छत्रपती संभाजी महाराजांची समाधी आहे. 1 जानेवारीला स्तंभापाशी लाखो माणसं येतात, फाल्गुन अमावस्येला वढूला येतात. स्तंभावर 1818 च्या इंग्रज-पेशवे लढाईत कामी आलेल्या महार सैनिकांची नावं कोरलेली आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1 जानेवारी 1927 रोजी तिथे आले आणि त्या दगडाला नवा अर्थ मिळाला.

याच लढाईच्या दिवशी काठावर आणखी एक माणूस होता. त्याची आठवण फारशी निघत नाही. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह तेव्हा पंचविशीला टेकले होते. दुसऱ्या बाजीरावाने त्यांना आई आणि भावांसह वासोटा किल्ल्यावरून आणवून आपल्या छावणीत ठेवलं होतं. ग्रँट डफ पुढे साताऱ्यात रेसिडेंट होता आणि प्रतापसिंहांच्या सहवासात होता. त्याने लिहिलं आहे, की लांबच्या उंचवट्यावरून लढाई पाहताना राजांनी उन्हासाठी अबदागीर धरायला लावली, तेव्हा इंग्रजांचा गोळा येईल म्हणून बाजीरावाने ती उतरवायला सांगितली. शिवाजी महाराजांच्या गादीवरचा माणूस आपल्याच पेशव्याच्या छावणीत, आणि डोक्यावर अबदागीरही नाही! गादीची ही अवस्था कशी झाली, याचा माग काढायचा तर लढायांइतकाच लग्नांचा आणि वारसांचा इतिहास पाहावा लागतो.

त्यासाठी थोडा वेळ भीमाकाठ सोडून मध्ययुगीन स्पेनमध्ये जायला हरकत नाही. लग्नांनी राज्यं जोडण्याची आणि तोडण्याची विद्या तिथे पराकोटीला गेली होती. 1134 मध्ये आरागॉनचा राजा आल्फोन्सो निपुत्रिक वारला. मृत्युपत्रात त्याने सारं राज्य धर्मयोद्ध्यांच्या संघांना देऊन टाकलं होतं. सरदारांनी ते मानलं नाही. त्यांनी राजाचा भाऊ रामिरो याला मठातून बाहेर काढलं. संन्यासी रामिरो राजा झाला, त्याने लग्न केलं, 1136 मध्ये त्याला पेत्रोनिला ही मुलगी झाली. दुसऱ्याच वर्षी त्याने ही तान्ही पोर बार्सिलोनाच्या काउंटला, रामोन बेरेंगेरला, वाग्दत्त केली, राज्यकारभार जावयावर सोपवला आणि स्वतः मठात परतला. आरागॉन आणि कातालोनिया एक झाले ते या पाळण्यातल्या मुलीमुळे.

मुलगी गादी घेऊन सासरी जाऊ शकते, ही तिथली रीत. म्हणून तिथल्या लग्नात नकाशा बदलत असे. गोव्याचंच पाहा. 1510 मध्ये ज्याच्या नावाने अल्बुकर्कने गोवा घेतला तो पोर्तुगालचा राजा मानुएल हा कास्तीलच्या राणी इसाबेलचा दुहेरी जावई. तिची थोरली मुलगी वारल्यावर त्याने धाकटीशी लग्न केलं होतं. त्याच नात्याच्या धाग्यावर पुढे 1580 मध्ये स्पेनचा दुसरा फेलिपे पोर्तुगालच्या गादीवर बसला, कारण त्याची आई मानुएलची मुलगी. त्यामुळे 1640 पर्यंत गोव्यावर स्पेनच्या राजाचं छत्र होतं. पोर्तुगाल त्यातून सुटला त्याच 1640 साली पुण्यात शिवाजीराजांचं पहिलं लग्न झालं, फलटणच्या निंबाळकरांच्या सईबाईंशी.

मराठ्यांकडे नवरी राज्य आणत नव्हती. ती भाऊ आणत होती.

शिवाजी महाराजांच्या राण्यांची माहेरं ओळीने म्हटली तरी हे लक्षात येतं: निंबाळकर, मोहिते, पालकर, गायकवाड, जाधव, शिर्के, विचारे, इंगळे. देशमुखांची आणि सरदारांची ही घराणी. आदिलशाही-निजामशाहीच्या चाकरीत मुरलेल्या या घराण्यांना भोसल्यांचं राजेपण मान्य करायला लावायचं होतं. राज्याभिषेक 6 जून 1674 ला झाला, पण त्याआधीची चौतीस वर्षं एकेका मांडवात हे काम चाललं होतं. राज्याभिषेकापूर्वी महाराजांची मुंज झाली आणि हयात राण्यांशी पुन्हा समंत्रक विवाह झाले, कारण आता त्या सोयरिकीला राजघराण्याच्या संस्काराची मोहोर हवी होती.

मराठा रिवाजात मामाची मुलगी करणं मानाचं. आत्याची मुलगी मात्र टाळतात; वेल परत फिरू नये म्हणतात. पण राजकारणाची निकड असली की वेलही फिरवला जाई. आदिलशाहीत मुसलमान झालेले बजाजी निंबाळकर स्वधर्मात परत आले, तेव्हा नुसत्या शुद्धीने जातभाई पंगतीला बसले नसते. महाराजांनी आपली आणि सईबाईंची मुलगी सखुबाई बजाजींच्या मुलाला, महादजीला दिली. बजाजी सईबाईंचे भाऊ. म्हणजे सखुबाई ज्या घरात सून म्हणून गेल्या ते त्यांचं आजोळच होतं. ज्या घरात राजाची लेक नांदते त्या घराला वाळीत कोण टाकणार?

शिर्क्यांशी साटंलोटं झालं. संभाजीराजांना पिलाजी शिर्क्यांची मुलगी येसूबाई आणि येसूबाईंच्या भावाला, गणोजींना, महाराजांची मुलगी राजकुंवर. या सोयरिकीच्या मुळाशी दाभोळच्या देशमुखीचं वतन होतं. महाराजांनी सरंजाम आणि वतनांना आळा घातला होता, तरी राजकुंवरच्या पोटी मुलगा झाला की त्याला देशमुखी देऊ, असं आश्वासन द्यावं लागलं. वतनावरचं हे दुखणं पुढे संभाजीराजांच्या काळात चिघळलं.

मामाचं वजन किती, हे 1680 च्या वसंतात दिसलं. 3 एप्रिलला रायगडावर महाराजांचं निधन झालं. थोरले संभाजीराजे पन्हाळ्यावर होते. त्यांची आई सईबाई ते दोन वर्षांचे असताना, 1659 मध्येच वारल्या होत्या. धाकटे राजाराम दहा वर्षांचे आणि त्यांच्या आई सोयराबाई गडावर. अण्णाजी दत्तो आणि मोरोपंत पिंगळे या मंत्र्यांच्या साथीने 21 एप्रिलला राजारामांना गादीवर बसवण्यात आलं. आता सारं सरसेनापतीवर होतं. सरसेनापती हंबीरराव मोहिते हे सोयराबाईंचे सख्खे भाऊ, म्हणजे नव्या राजाचे मामा. जगाच्या पाठीवर कुठेही मामाने भाच्याची बाजू घेतली असती. हंबीररावांनी थोरल्याची घेतली. अण्णाजी आणि मोरोपंत पन्हाळ्याकडे निघाले होते, त्यांना वाटेत पकडून संभाजीराजांपुढे उभं केलं. मराठ्यांच्या इतिहासात तलवारीचे पराक्रम पुष्कळ आहेत, पण तळबीडच्या या माणसाने रक्ताच्या नात्यावर ज्येष्ठ वारसाचा हक्क ठेवला, तो पराक्रम त्यांच्या तोडीचा मानायला हवा.

16 जानेवारी 1681 ला संभाजीराजांना राज्याभिषेक झाला. पुढे राजारामांचं लग्न हंबीररावांच्या मुलीशी, ताराबाईंशी, लावण्यात आलं. मामाची मुलगी करण्याची रीत पाळली गेली आणि भोसले-मोहित्यांच्या नात्याला पडलेली चीरही बुजली. कास्तीलमध्ये नेमकं उलटं होतं. चर्चने जवळच्या नात्यातली लग्नं निषिद्ध मानली होती, म्हणून 1469 मध्ये इसाबेल आणि फेर्नांदो या दुसऱ्या पिढीतल्या चुलत भावंडांना पोपच्या बनावट परवान्यावर लग्न उरकावं लागलं. खरा परवाना दोन वर्षांनी मिळाला.

मग 1689 आलं. 1 फेब्रुवारीला संगमेश्वरला संभाजीराजे आणि कवी कलश पकडले गेले. भीमेच्याच काठच्या पेडगावच्या बहादूरगडावर त्यांची धिंड काढली. औरंगजेबाची छावणी नदीने वर सरकत मार्चच्या सुरुवातीला कोरेगावला आली, आणि 11 मार्चला या परिसरात दोघांना हालहाल करून मारण्यात आलं. रायगडावर येसूबाईंपुढे प्रश्न होता. त्यांचा मुलगा शाहू सात वर्षांचाही नव्हता. गादी मुलाच्या नावे धरून ठेवायची, की दिराला पुढे करायचं? येसूबाईंनी राजारामांना पुढे केलं आणि गडाबाहेर पाठवलं. राजाराम जिंजीला पोहोचले, राज्य जगलं. येसूबाई आणि शाहू नोव्हेंबरमध्ये रायगडासह मोगलांच्या हाती पडले. शाहूंची अठरा वर्षं कैदेत गेली, येसूबाईंची तीस. मुलासाठी राज्य मागणाऱ्या राण्या स्पेनच्या इतिहासात पानोपानी भेटतात. राज्यासाठी मुलाचा हक्क बाजूला ठेवणारी येसूबाईंसारखी राणी तिथे शोधावी लागते.

त्या त्यागाचं कोडं मात्र 1707 मध्ये ताराबाईंपुढे उभं राहिलं. राजाराम 1700 मध्ये सिंहगडावर वारले. तेव्हापासून ऐन पंचविशीतल्या ताराबाई मुलाच्या नावाने राज्य चालवत औरंगजेबाशी झुंजत होत्या. बादशहा मेल्यावर मोगलांनी शाहूंना सोडलं, ते मराठ्यांत भाऊबंदकी लागावी म्हणूनच. ताराबाईंचं म्हणणं असं: थोरल्या महाराजांनी मिळवलेलं राज्य संभाजीराजांच्या काळात गेलं, आताचं राज्य राजारामांनी नव्याने उभं केलं, त्यावर शाहूंचा हक्क काय? या म्हणण्यात जोर होता. पण त्यांनी दुसरंही एक शस्त्र काढलं. आलेला माणूस शाहू नव्हेच, तोतया आहे, असं जाहीर केलं.

हे शस्त्र कास्तीललाही ओळखीचं होतं. राजा एन्रीकेची मुलगी हुआना ही राजाची नसून बेल्त्रान नावाच्या दरबाऱ्याची, अशी कुजबुज उठवून तिला ‘बेल्त्रानेखा’ हे नाव चिकटवलं गेलं. 1474 मध्ये तिची आत्या इसाबेल राणी झाली आणि हुआनाचा शेवट पोर्तुगालमध्ये झाला.

शाहूंच्या बाबतीत ते चाललं नाही. 12 ऑक्टोबर 1707 रोजी भीमेच्याच वरच्या अंगाला खेडजवळ, आजच्या राजगुरुनगरपाशी, दोन्ही फौजा समोरासमोर आल्या. ताराबाईंचे सेनापती धनाजी जाधव यांची शाहू खरे असल्याबद्दल खात्री पटली आणि ते त्यांना जाऊन मिळाले. पुढे पेशवे झालेल्या बाळाजी विश्वनाथांचा त्या बोलण्यात हात होता. लढाईपेक्षा ओळख पटण्यावर निकाल लागला. 12 जानेवारी 1708 ला साताऱ्यात शाहूंना राज्याभिषेक झाला. ताराबाई कोल्हापूरकडे राहिल्या. तिथेही 1714 मध्ये सवतीने, कागलच्या घाटग्यांच्या राजसबाईंनी, आपल्या मुलाला, संभाजींना, गादीवर बसवून ताराबाई आणि त्यांच्या मुलाला पन्हाळ्यावर कैदेत टाकलं. 1731 च्या वारणेच्या तहाने सातारा आणि कोल्हापूर या दोन गाद्या पक्क्या झाल्या.

शाहू महाराजांना मुली होत्या, गादीला मुलगा नव्हता. पेत्रोनिलाच्या देशात यातली एखादी राणी झाली असती. इथे दत्तकाचा शोध सुरू झाला आणि ताराबाईंनी पुढे केलेला नातू, लपवून वाढवलेला रामराजा, 1750 च्या जानेवारीत गादीवर बसला. तो पेशव्यांच्या कलाने चालतो असं दिसताच त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ताराबाईंनी त्याला साताऱ्याच्या किल्ल्यात कोंडलं. हा माझा नातू नव्हेच, असं सांगितलं, आणि 1752 मध्ये जेजुरीला खंडोबासमोर तशी शपथही घेतली. त्रेचाळीस वर्षांच्या अंतराने दुसऱ्यांदा तेच शस्त्र. ज्या बाईने औरंगजेबाला सात वर्षं दमवलं, तिच्या या शपथेने छत्रपतींच्या गादीची उरलीसुरली पत गेली. नातू खरा असेल तर राजा बाटला, खोटा असेल तर गादी. सत्ता पुण्याला गेली ती तेव्हापासून कायमची. दोष एकट्या ताराबाईंना देणं अन्यायाचं होईल. मुलगा गमावलेल्या, दोनदा कैद भोगलेल्या या बाईकडे वारसाच्या खरेखोटेपणाखेरीज दुसरं हत्यारच उरलं नव्हतं.

रामराजांनाही मुलगा नव्हता. वावीच्या भोसल्यांकडून दत्तक आला, तो दुसरा शाहू. त्यांचे पुत्र प्रतापसिंह, ज्यांची अबदागीर कोरेगावला उतरवली गेली. फेब्रुवारी 1818 मध्ये आष्टीच्या लढाईत पेशव्यांचे सेनापती बापू गोखले पडले आणि प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती आले. एप्रिलमध्ये इंग्रजांनी त्यांना साताऱ्याला गादीवर बसवलं, 1839 मध्ये त्यांनीच उतरवून काशीला पाठवलं. रंगो बापूजी गुप्ते त्यांची बाजू मांडायला लंडनला गेले आणि चौदा वर्षं दारं ठोठावत राहिले. 1847 मध्ये प्रतापसिंह काशीला वारले. त्यांच्या मागे मुलगी होती. साताऱ्याला गादीवर बसवलेले त्यांचे भाऊ शहाजी 5 एप्रिल 1848 रोजी वारले. मरण्यापूर्वी त्यांनी दत्तक घेतला होता. गव्हर्नर जनरल डलहौसीने तो नामंजूर केला आणि सातारा खालसा झालं. डलहौसीने दत्तक नाकारून खालसा केलेल्या संस्थानांत ते पहिलं. हिंदू धर्मशास्त्राला दत्तक पुत्र औरसाइतकाच मान्य होता. मुलीला गादी न देणाऱ्या राजघराण्यांना वंश टिकवायला तो एकच दरवाजा होता, आणि इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीने नेमका तोच बंद केला.

कोल्हापूरला तो उघडा राहिला. 17 मार्च 1884 रोजी आनंदीबाई राणीसाहेबांनी नऊ वर्षांच्या यशवंतराव घाटगे यांना मांडीवर घेतलं. ते कागलच्या घाटग्यांचे. 1714 मध्ये ताराबाईंना कैदेत टाकणाऱ्या राजसबाईंचं हेच माहेर. एके काळी लेक देणाऱ्या घराने आता मुलगा दिला होता. दत्तक झाल्यावर त्यांचं नाव ठेवलं शाहू.