भारी कोण: हृदय, हात की डोळा?

वरणगावच्या कुठल्याही शाळेत मधल्या सुट्टीत भांडण लावून द्यायचं असेल, तर एकच प्रश्न विचारा: सगळ्यात भारी खेळाडू कोण? कुणी म्हणेल सचिन, कुणी म्हणेल, "नाही भो, पैलवान भारी!" घंटा होईल, पण वाद मिटायचा नाही. मिटणार तरी कसा? प्रत्येक खेळ शरीराकडून वेगळंच काहीतरी मागतो ना! चला, काही दिग्गजांच्या शरीरात डोकावून बघूया.

न हलण्याचा खेळ

आपल्या वरणगावच्या आयुध निर्माणीत सैन्यासाठी काडतुसं बनतात, हे तुम्हाला माहीतच आहे. त्यातल्या 5.56 मिलिमीटरच्या गोळीची जाडी आणि ऑलिंपिकमधल्या 50 मीटर रायफलच्या गोळीची जाडी जवळजवळ सारखीच असते. फक्त खेळातल्या काडतुसात दारू खूपच कमी.

1 ऑगस्ट 2024. पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने याच रायफलने कांस्यपदक जिंकलं. वरणगाव स्टेशनातून जी मध्य रेल्वे धावते, तिच्यातच तो तिकीट तपासनीस होता! त्याने आधी गुडघ्यावर बसून, मग पालथं झोपून आणि शेवटी उभं राहून नेमबाजी केली आणि 451.4 गुण मिळवले.

या खेळात 10 गुणांचं वर्तुळ केवढं असतं? फक्त 10.4 मिलिमीटर. रुपयाच्या नाण्याच्या साधारण निम्मं, आणि तेही 50 मीटर लांब! आता एक गणित करा. खांद्यापासून बंदुकीच्या टोकापर्यंत 1 मीटर अंतर धरा. टोक अर्धा मिलिमीटर हललं, तर 50 मीटरवर नेम किती चुकेल? पन्नास पट, म्हणजे 25 मिलिमीटर. गेला की नेम वर्तुळाबाहेर!

आणि टोक हलवणारा चोर तर आपल्या छातीतच बसलेला असतो. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याने शरीर किंचित हादरतं, श्वासाने छाती वरखाली होते. म्हणून नेमबाज श्वास अर्धवट सोडून क्षणभर थांबतात आणि मगच चाप ओढतात. कोल्हापूरचीच तेजस्विनी सावंत 2010 साली म्युनिकमध्ये पालथं झोपून नेमबाजी करत जगज्जेती झाली. नेमबाजीत जगज्जेती होणारी ती पहिली भारतीय महिला.

धडधडण्याचा खेळ

नेमबाजाला हृदय शांत हवं, तर धावपटूला ते जोरात चालायला हवं. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे 3000 मीटर स्टीपलचेस पळतो. यात नुसतं पळून भागत नाही. वाटेत 28 अडथळे आणि 7 वेळा पाण्याची उडी असते. एकेक अडथळा 91.4 सेंटीमीटर उंच, म्हणजे तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या छातीपर्यंत!

तुम्ही आत्ता वाचत बसला आहात ना? तुमचं हृदय मिनिटाला काही लिटरच रक्त ढकलत असेल. मोठ्या माणसाचं बसल्या जागी साधारण 5 लिटर ढकलतं. अव्वल धावपटूचं शर्यतीत 30 लिटरच्याही पुढे जातं. रक्त प्राणवायू नेतं आणि साखरही. ही साखर खेळाडू केळ्यातूनही मिळवतात. म्हणजे आपल्या जळगाव जिल्ह्याच्या केळीला मैदानावर चांगलाच मान आहे!

2022 मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत अविनाशने 8 मिनिटं 11.20 सेकंदांत रौप्यपदक मिळवलं. सुवर्ण हुकलं फक्त 0.05 सेकंदाने. त्याच्या सरासरी वेगाने एवढ्या वेळात किती अंतर कापलं जातं? सुमारे 30 सेंटीमीटर. तीन किलोमीटर पळून फरक तुमच्या कंपासपेटीबाहेर डोकावणाऱ्या पट्टीएवढा!

तोल घालवण्याचा खेळ

आता खानदेशचा पैलवान. चाळीसगाव तालुक्यातल्या सायगाव बगळीचा विजय चौधरी 2014, 2015 आणि 2016 असा लागोपाठ तीनदा महाराष्ट्र केसरी झाला. पैलवान म्हणजे नुसती ताकद, असं वाटतं ना? मग हे करून बघा. भिंतीला पाठ आणि टाचा टेकवून उभे राहा. आता गुडघे न वाकवता पायाचे अंगठे धरा. तोंडावर पडायला होतंय? एरवी वाकताना कंबर मागे जाते आणि वजन पावलांवर राहतं. भिंत कंबरेला मागे जाऊ देत नाही. शरीराच्या वजनाचा मध्य पावलांच्या पुढे गेला, की तोल गेलाच!

समोरच्याचा तो मध्य पावलांबाहेर काढायचा आणि आपला खाली, पक्का ठेवायचा, यासाठीच तर डाव असतात. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव ढाक डावासाठी प्रसिद्ध होते. 1952 मध्ये हेलसिंकीला त्यांनी स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक जिंकलं.

हातांनी जिंकलेलं पाणी

मुरलीकांत पेटकर सैन्यात बॉक्सिंग करायचे. 1965 च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि कंबरेखालचं शरीर लुळं पडलं. बॉक्सिंग संपलं, म्हणून ते पाण्यात उतरले. पोहताना पाय मारले नाहीत, तर ते खाली जातात आणि पाणी जास्त अडवतं. म्हणजे हातांवर दुप्पट काम! तरीही 1972 च्या हायडेलबर्ग पॅरालिंपिकमध्ये त्यांनी 50 मीटर अंतर 37.33 सेकंदांत पार करून विश्वविक्रमासह भारताचं पहिलं पॅरालिंपिक सुवर्ण आणलं.

पुढचं आधी बघणारा डोळा

आणि सचिन तेंडुलकर? 1989 ते 2013, आंतरराष्ट्रीय सामन्यांत 34,357 धावा आणि 100 शतकं. ताशी 140 किलोमीटरचा चेंडू गोलंदाजाच्या हातातून फलंदाजापर्यंत जेमतेम अर्ध्या सेकंदात पोचतो. डोळ्याने बघायचं, मेंदूने ठरवायचं, हाताला निरोप द्यायचा, यातच साधारण 0.2 सेकंद जातात. मग बॅट फिरवायला उरलं काय? म्हणून कसलेला फलंदाज चेंडू सुटायच्या आधीच गोलंदाजाचं मनगट आणि खांदा वाचतो, अंदाज बांधतो.

करून बघा

30 सेंटीमीटरची पट्टी घ्या. मित्राने ती वरून उभी धरायची, शून्याचं टोक खाली. तुमची दोन बोटं त्या शून्यापाशी उघडी ठेवा. मित्र न सांगता पट्टी सोडेल, तुम्ही पकडा. 20 सेंटीमीटरवर पकडलीत, तर तुम्हाला 0.2 सेकंद लागले. 11 वर पकडलीत, तर सुमारे 0.15.

आता मित्राला सांगा, "एक, दोन, तीन" असं सारख्या तालात म्हण आणि तीनला सोड. बघा, पट्टी किती लवकर हातात येते! तुमची बोटं पहिल्यापेक्षा चपळ झाली नाहीत. पट्टी कधी सुटणार, ते मेंदूला आधी कळलं, एवढंच. वर्षानुवर्षं सराव करून खेळाडू हेच तर कमावतात.