जकात कोणाची आणि भार कोणावर?

परकी मालावरील जकात परकी व्यापारी भरतो, हा समज आपल्याकडे इतका रूढ झाला आहे की, जकात वाढल्याची बातमी आली म्हणजे पेढीवर बसलेला सुशिक्षित गृहस्थही ‘बरे झाले, बाहेरच्यांस चाप बसला’ असे म्हणून मोकळा होतो. वस्तुस्थिती बहुतांशी उलट आहे. माल बंदरास लागल्यावर कस्टम कचेरीत कागद दाखल करणारा, जकातीचा भरणा करणारा आणि मग माल सोडवून नेणारा मनुष्य आपल्याच देशातला आयातदार असतो. ती रक्कम तो पदरची घालतो काय? क्वचित प्रसंगी गिऱ्हाईक हातचे जाऊ नये म्हणून परदेशचा विक्रेता आपली किंमत थोडी उतरवितो, हे खरे. परंतु एरवी हा बोजा आयातदाराकडून घाऊक व्यापाऱ्याकडे, त्याच्याकडून दुकानदाराकडे आणि अखेर गृहिणीच्या पिशवीत उतरतो. इतकेच नव्हे, तर परकी माल महाग झाला म्हणजे देशी मालाचा धनीही आपला भाव तेवढाच चढवितो. परकी मालावरची वाढ निदान सरकारी खजिन्यात जाते. देशी मालावरची वाढ तर विकणाऱ्याच्याच गाठी राहते.

आम्ही हे लिहितो ते संरक्षक जकातीचे शत्रू म्हणून नव्हे. अनिर्बंध व्यापाराच्या नावाखाली या देशाचे हातमाग कसे बसले, हे आम्ही विसरलेलो नाही. परंतु स्वदेशीचा अभिमान म्हणजे हिशेबाकडे पाठ फिरविणे नव्हे. आमच्या मते संरक्षक जकात म्हणजे ग्राहकाकडून देशी धंद्यासाठी सक्तीने घेतलेले कर्ज होय. कर्ज म्हटले की तीन गोष्टी ओघानेच येतात: ते ज्याच्या नावाने काढले त्याच्याच पदरात पडले पाहिजे, त्यास मुदत पाहिजे आणि त्याचा हिशेब धनकोस मिळाला पाहिजे. या तीन कसोट्यांवर आपल्या देशातील जुनी व नवी उदाहरणे घासून पाहावी, हा आजच्या लेखाचा उद्देश आहे.

पहिले उदाहरण कापडाचे. १८८२ साली हिंदुस्थान सरकारने आयातीवरील बहुतेक जकाती उठविल्या. पुढे खजिन्यास ओढ लागली तेव्हा १८९४ साली त्या पुन्हा बसवाव्या लागल्या आणि वर्षअखेर विलायती कापडही त्यांत आले. त्याबरोबर लँकेशायरच्या गिरणीवाल्यांनी गिल्ला केला आणि १८९६ साली असा निकाल झाला की, विलायती कापडावर साडेतीन टक्के जकात, आणि देशी गिरण्यांच्या कापडावरही साडेतीन टक्केच अबकारी! या व्यवस्थेत देशी गिरणीस काय मिळाले? काही नाही. ग्राहकास काय मिळाले? दोन्हीकडून महाग कापड. ज्या जाड्याभरड्या कापडात लँकेशायरची स्पर्धा नव्हतीच, त्यावरही हा कर बसला आणि तो गरिबाने भरला. ही अबकारी थांबण्यास १९२५ चा डिसेंबर उजाडावा लागला. या प्रकरणापासून घ्यावयाचा धडा असा की, कारखानदाराच्या दृष्टीने जकातीची नुसती उंची महत्त्वाची नव्हे. बाहेरच्या मालावरील कर आणि घरच्या मालावरील कर यांतील अंतर महत्त्वाचे. हे अंतर वाचकांनी ध्यानात ठेवावे, कारण पुढे ते पुन्हा भेटणार आहे.

दुसरे उदाहरण साखरेचे. १८९२ साली पुण्यास डेक्कन कॉलेजातील व्याख्यानात न्यायमूर्ती रानड्यांनी, इंग्लंडचे अर्थशास्त्र जसेच्या तसे येथे लागू पडत नाही, असे साधार मांडले होते. ती गोष्ट सरकारी दप्तरात शिरण्यास तीस वर्षे लागली. सर इब्राहिम रहिमतुल्ला यांच्या अध्यक्षतेखालील फिस्कल कमिशनने १९२२ साली संरक्षण मागणाऱ्या धंद्यास तीन अटी घातल्या: त्यास देशात नैसर्गिक अनुकूलता असावी, मदतीवाचून तो वाढण्यासारखा नसावा, आणि पुढे केव्हातरी त्याने मदतीवाचून जगाशी टक्कर द्यावी. या तत्त्वावर १९३२ साली साखरेस कायद्याने संरक्षण मिळाले. हंड्रेडवेटास सव्वासात रुपये ही जकात १९३८ च्या मार्चपर्यंत ठरवून दिली आणि एकंदर संरक्षणाची मुदत १९४६ पर्यंत असल्याचे कायद्यात नमूद केले. परिणाम काय झाला? त्यापूर्वी देशात साखरेचे कारखाने तिसाच्या आसपास होते. पाच-सहा वर्षांत ते सव्वाशेच्या वर गेले आणि जाव्याची साखर बाजारातून जवळजवळ नाहीशी झाली. आपल्याकडे माळीनगर, वालचंदनगर येथील कारखाने याच काळात उभे राहिले.

कारखाना उभारणे म्हणजे हंगामी दुकान मांडणे नव्हे. जमीन, यंत्रे, पाण्याची सोय आणि उसाची लागवड यांत घातलेला पैसा निघण्यास वर्षे लागतात. मुदत आधी जाहीर होती म्हणून भांडवलवाल्याने धीर केला. ग्राहकास याची किंमत द्यावी लागली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. जकातीचा सगळा लोण्याचा गोळा कारखानदारानेच गिळू नये म्हणून १९३४ साली ऊस कायदा झाला आणि उसाचा किमान भाव ठरविण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांस मिळाला. त्याच साली कारखान्याच्या साखरेवर अबकारी बसवून सरकारने आपलाही वाटा घेतला. सरकार परके होते, कायद्यात उणिवा होत्या, शेतकऱ्यास ठरलेला भाव नेहमी मिळालाच असेही नव्हे. तथापि ज्याच्या नावाने कर्ज काढले त्याच्या पदरात काही पडावे, ही जबाबदारी त्या कायद्याने निदान मान्य केली.

आता तिसरे उदाहरण, आणि ते आपल्या रोजच्या फोडणीतले. खाद्यतेलाची आपली निम्म्याहून अधिक गरज परदेशातून भागते. २०२३-२४ च्या तेल वर्षात सुमारे १६० लाख टन तेल बाहेरून आले. पाम तेल इंडोनेशिया-मलेशियाहून, सोयातेल मुख्यतः अर्जेंटिना-ब्राझीलहून, सूर्यफुलाचे रशिया-युक्रेनकडून. अशा मालावरील जकात म्हणजे प्रत्येक चुलीवरचा कर होय. मार्च २०१८ मध्ये कच्च्या पाम तेलावरील मूळ जकात ४४ टक्के झाली. ऑक्टोबर २०२१ मध्ये ती शून्यावर आली. १४ सप्टेंबर २०२४ पासून ती २० टक्के झाली. आणि मे २०२५ च्या अखेरीस १० टक्क्यांवर उतरली. सात वर्षांत हा एवढा हेलकावा! शेतकऱ्याने कशाच्या भरवशावर सोयाबीन पेरावे आणि गिरणीवाल्याने कशाच्या भरवशावर यंत्र घ्यावे?

सप्टेंबर २०२४ ची वाढ सोयाबीन उत्पादकाच्या नावाने झाली. अधिभारासह कच्च्या तेलावरील एकूण बोजा साडेपाच टक्क्यांवरून साडेसत्तावीस टक्क्यांवर गेला. हिशेब सोपा आहे. बंदरावर शंभर रुपयांस पडणारे तेल पूर्वी जकातीसह साडेपाच रुपये अधिक एकशे पाच रुपये आठ आण्यांस पडे, ते एकशे साडेसत्तावीस रुपयांस पडू लागले. म्हणजे खर्च एकदम सुमारे एकवीस टक्क्यांनी वाढला. जुन्या जकातीने आलेला सुमारे ३० लाख टन साठा देशात आहे, तो संपेपर्यंत भाव वाढवू नका, असे सरकारने कंपन्यांस बजावले. पण भाव चढलेच, आणि ते का चढले याचा जाब विचारण्याची पाळी सरकारवर आली. साठा ज्याच्या गोदामात होता त्याचा एका रात्रीत लाभ झाला. ज्याच्याकडे नव्हता तो लहान दुकानदार गिऱ्हाईकाची बोलणी खात बसला.

बरे, ज्याच्यासाठी हे सर्व झाले त्या शेतकऱ्यास काय मिळाले? त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलास ४,८९२ रुपये होता, आणि लातुरापासून विदर्भापर्यंतच्या बाजार समित्यांत माल त्याच्या खाली विकला जात होता. याचे कारण गूढ नाही. शंभर किलो सोयाबीन गाळले तर तेल निघते अवघे अठरा किलोंच्या आसपास. बाकी मुख्यतः पेंड. तेलावर जकात बसली तरी पेंडीचा भाव पडलेला होता. जगात सोयाबीन मुबलक होते, आणि मका व तांदूळ यांपासून इथेनॉल काढल्यावर उरणारा चोथा कोंबड्यांच्या खाद्यात स्वस्त पडू लागल्याने आपल्या पेंडीस उठाव नव्हता. म्हणजे दुखणे पेंडीचे आणि औषध तेलावर! आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी म्हणतात तो हाच प्रकार. गृहिणीने कर्ज दिले, पण ज्याच्या नावाने ते काढले त्याच्या पदरात ते पूर्णपणे पडले नाही.

आणि मे २०२५ ची उतरण? ती झाली नेमकी खरिपाच्या पेरणीच्या तोंडावर. महागाई रोखण्यासाठी ती आवश्यक होती असे मानले, तरी शेतकऱ्याने त्यातून काय अर्थ घ्यावा, हे सांगण्यास अर्थशास्त्रज्ञ नको.

तथापि याच फेरफारात एक शहाणपणाची गोष्ट घडली, आणि वर ध्यानात ठेवावयास सांगितलेले अंतर येथे पुन्हा भेटते. कच्च्या तेलावरील बोजा साडेसोळा टक्क्यांवर आला. शुद्ध केलेल्या तेलावरचा पावणेछत्तीस टक्केच राहिला. पूर्वी दोहोंतील अंतर सव्वाआठ टक्के होते, ते सव्वाएकोणीस झाले. हे अंतर कमी होते तेव्हा इंडोनेशियासारखा देश कच्च्या तेलावर अधिक व शुद्ध तेलावर कमी निर्यात कर लावून आपल्या कारखान्यांस काम मिळवून देतो, आणि आपल्या बंदरांवरील शुद्धीकरणाच्या गिरण्यांची यंत्रे निजून राहतात. अंतर वाढताच तयार तेल आणण्यापेक्षा कच्चे आणून येथे शुद्ध करणे परवडते. म्हणजे गिरणीचे चाक फिरविणारी गोष्ट जकातीची उंची नसून तिची पायरी आहे, हे १८९६ साली जसे खरे होते तसेच २०२५ सालीही खरे ठरले. मात्र पायरी बांधताना मागचे दारही पाहावे लागते. दक्षिण आशियाई व्यापार करारामुळे नेपाळातून तेल बिनजकात येते. आपली जकात वाढताच, जेथे सोयाबीन जेमतेम पिकते त्या नेपाळातून शुद्ध सोयातेलाचा पूर वाहू लागला. परदेशचे कच्चे तेल तेथे शुद्ध होऊन येथे उतरत होते. जकात जेवढी उंच, तेवढी आडवाट किफायतशीर.

हा दोष केवळ आपलाच आहे असे नव्हे. अमेरिकेने कपडे धुण्याच्या कोरियन व मेक्सिकन यंत्रांवर प्रथम कर बसविला, तेव्हा कंपन्यांनी उत्पादन चीनला नेले. चीनवर बसविला तेव्हा थायलंड-व्हिएतनामला नेले. अखेर २०१८ साली जवळजवळ सर्वच देशांच्या यंत्रांवर जकात आली: पहिल्या १२ लाख यंत्रांवर २० टक्के आणि त्यापुढील यंत्रांवर ५० टक्के. तेव्हा मात्र कोरियन कंपन्यांनी साउथ कॅरोलिना व टेनेसी येथे कारखाने चालू केले. म्हणजे जकातीने कारखाने आणले, हे खरे. पण २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अर्थशास्त्रज्ञांनी हिशेब मांडला तो असा: धुण्याचे यंत्र सुमारे ८६ डॉलरने महागले, आणि ज्यावर जकात नव्हतीच ते कपडे वाळविण्याचे यंत्रही सुमारे ९२ डॉलरने महागले, कारण दोन्ही जोडीने विकली जातात! नोकऱ्या मिळाल्या सुमारे १,८००. एकेका नोकरीमागे ग्राहकांस वर्षाला पडले आठ लाख डॉलरहून अधिक. नोकरी मिळालेला मनुष्य दिसतो, त्याचे छायाचित्र छापून येते. थोडे थोडे अधिक देणारी लाखो घरे दिसत नाहीत. जकातीच्या राजकारणाचे सारे मर्म यात आहे.

यास्तव आमचे म्हणणे थोडक्यात असे. संरक्षण मागणाऱ्याने आपला दावा उघडपणे शाबीत करावा. पुराव्याचे ओझे त्याच्यावर आहे, ग्राहकावर नाही. जकात द्यावयाची तर ती मुदतीची द्यावी, आणि ती दरवर्षी किती पायऱ्यांनी उतरेल हे आधी जाहीर करावे, म्हणजे कारखानदार यंत्रे घेईल पण सुस्तावणार नाही. शेतमालावरील जकातीचा निर्णय पेरणीपूर्वी व्हावा आणि पीक घरात येईपर्यंत, मोठ्या अरिष्टावाचून, बदलू नये. शेतकऱ्याच्या नावाने जकात घेतली तर तिच्या उत्पन्नातून हमीभावाने खरेदी करण्याची तजवीज त्याच हुकुमात असावी. आणि वर्षअखेर ग्राहकाने किती दिले, खजिन्यात किती आले, धंद्यास किती मिळाले व शेतकऱ्यापर्यंत किती पोचले, याचा ताळेबंद लोकांपुढे ठेवावा.

यावर कोणी म्हणेल, तेलाच्या पिशवीमागे चार पैसे अधिक गेले तर देशासाठी ते सोसू नयेत काय? अवश्य सोसावेत. आपल्या लोकांनी स्वदेशीसाठी जाडेभरडे अंगावर घातले आणि महाग साखर विकत घेतली. त्यागाची उणीव या देशात कधीच नव्हती. उणीव आहे ती त्यागाचा जमाखर्च ठेवण्याची. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, अशी स्थिती असेल तर दळणाऱ्याच्या देशभक्तीची स्तुती करून भागत नाही. जात्यापाशी राखण बसवावी लागते. ती राखण म्हणजे लोकांचे प्रश्न विचारणे होय. पुढच्या वेळी जकात वाढल्याची बातमी येईल तेव्हा आमच्या वाचकांनी ‘बाहेरच्यांस चाप बसला’ असे म्हणण्यापूर्वी तीनच प्रश्न विचारावेत: कोणासाठी, किती दिवस, आणि हिशेब कोठे आहे?