खाज दबली, खरूज फोफावली

विक्रोळीच्या कन्नमवारनगरातून एका वाचक ताईंनी विचारलं आहे : सासऱ्यांच्या तळहातांवर पिवळट, जाड खपल्या चढल्या, नखं वेडीवाकडी झाली. डॉक्टर म्हणाले, खरूज. पण सासरे तर फारसे खाजवतही नव्हते!

खरी मेख तिथंच आहे. १८४८ साली डॅनियलसन आणि बोक या डॉक्टरांनी नॉर्वेत कुष्ठरोग्यांच्या अंगावर हाच प्रकार पाहिला. नेहमीच्या खरजेचाच किडा, अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान. एरवी अंगावर दहा-पंधरा किडे असतात, इथं हजारो, कधी लाखो.

त्याचं कारण उलगडायला शेफिल्डला जावं लागतं. दुसऱ्या महायुद्धात केनेथ मेलनबी या कीटकशास्त्रज्ञानं, शस्त्र धरायला नकार दिलेल्या तरुणांवर त्यांच्या संमतीनं प्रयोग केले. खरूज झालेल्या सैनिकांच्या न धुतलेल्या पांघरुणांत ती मुलं उघड्या अंगानं झोपली, तरी खरूज सहसा लागेना. ज्यांना पहिल्यांदाच लागली, त्यांना जवळजवळ महिनाभर खाज सुटली नाही आणि किडे बिनधास्त वाढले. बरं करून पुन्हा किडा सोडला, तर एका दिवसात खाज सुटली आणि किड्यांना बस्तान बसवणंच जड गेलं. लढाई न लढणाऱ्या या मुलांचे वैद्यकशास्त्रावर मोठे उपकार आहेत. त्यांच्यामुळे कळलं, की शरीरानं किडा ओळखला की खाज सुटते आणि खाजवताना किडेही खरवडले जातात.

कुष्ठरोगात त्वचा बधिर होते, म्हणून खाज जाणवत नाही. म्हातारपणी, एचआयव्हीत किंवा अवयवरोपणानंतरच्या औषधांनी प्रतिकार ढिला पडतो. आपल्याकडे यात भर घालतात स्टेरॉइडची मलमं. मेडिकलवाल्याकडून ट्यूब आणायची, चार दिवस बरं वाटतं, आणि तेवढ्यात किड्यांना रान मोकळं. चिठ्ठीशिवाय ही मलमं विकली जातात याचा मला संताप येतो.

उपाय आहे. २०२१ साली गोवा सरकारनं कोविडसाठी सरसकट वाटायला काढलेलं आयव्हरमेक्टिन त्या आजारावर कुचकामी ठरलं, खरजेवर मात्र ते खरंच चालतं. पण या प्रकारात एका गोळीनं भागत नाही. ठरावीक दिवसांनी अनेक मात्रा, अंगभर परमेथ्रिनचं मलम आणि खपल्या मऊ करणारं मलम, असं सगळं लागतं. आणि ताई, इथं शेफिल्डच्या पांघरुणांवर विसंबू नका. गळणाऱ्या खपल्यांत जिवंत किडे असतात. चादरी, कपडे गरम पाण्यात धुवा आणि डॉक्टरांना विचारून घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी औषध घ्या, खाज असो वा नसो.