दुबईत कंत्राटी नोकरी लागली. पण ऑफर लेटरमधला नेमका कोणता आकडा पाहायचा?

रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्गातल्या कित्येक घरांना आखाताची वाट दोन-तीन पिढ्यांपासून ठाऊक आहे. आता देशावरची आणि विदर्भ-मराठवाड्यातली मुलेही हॉटेल, गोदाम, सुरक्षा, बांधकाम, हिशेबनीस अशा कामांसाठी दोन वर्षांच्या करारावर दुबईला निघतात. शहर अनोळखी, विमानप्रवास अनेकदा पहिलाच. घरी मात्र एकच प्रश्न विचारला जातो : पगार किती? ‘चार हजार दिरहम’ असे उत्तर आले की सगळे खूश. पण या आकड्यावरून फारसे काही कळत नाही.

एकच पगार, दोन कागद

समजा, दोघांना चार-चार हजार दिरहमची नोकरी लागली. पहिल्याच्या कागदावर मूळ वेतन, म्हणजे बेसिक, २,४०० आणि भत्ते १,६००. दुसऱ्याच्या कागदावर बरोबर उलटे : बेसिक १,६०० आणि भत्ते २,४००. दर महिन्याला बँकेत रक्कम सारखीच जमा होणार. मग फरक कुठे?

संयुक्त अरब अमिरातीचा सध्याचा कामगार कायदा २ फेब्रुवारी २०२२ पासून लागू झाला. त्यानुसार एक वर्ष सेवा पूर्ण केलेल्या परदेशी कामगाराला नोकरी संपताना ग्रॅच्युइटी मिळते : पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षामागे २१ दिवसांचे आणि त्यापुढे दर वर्षामागे ३० दिवसांचे वेतन. हे वेतन मोजले जाते ते फक्त बेसिकवर. म्हणजे पाच वर्षांनी पहिला ८,४०० दिरहम घेऊन परततो, दुसरा ५,६००.

ओव्हरटाइमचेही तेच. जादा तासाला बेसिकच्या दराने पैसे आणि वर किमान २५ टक्के. दिवसाचे आठ तास धरले तर पहिल्याला जादा तासाचे साडेबारा दिरहम पडतात, दुसऱ्याला सव्वाआठच्या आसपास. न घेतलेल्या रजेचे पैसे बेसिकवर. २०२३ पासून सक्तीचा झालेला बेरोजगारी विमाही बेसिकवरच : सलग १२ महिने हप्ता भरलेल्याची नोकरी शिस्तभंगाशिवाय अन्य कारणाने गेली, तर बेसिकच्या ६० टक्के रक्कम जास्तीत जास्त तीन महिने मिळते. बेसिक १६ हजार दिरहमपर्यंत असेल तर हप्ता महिन्याला पाच दिरहम. तो कामगारानेच भरायचा असतो, विमा न घेतल्यास ४०० दिरहम दंड.

म्हणून ऑफर हातात आली की आधी बेसिक पाहावे आणि मग ‘राहण्याची सोय कंपनीची आहे का’ हे विचारावे. दुबईतली भाडी पाहता, जागा आणि कामावर नेणारी बस देणारी कंपनी थोड्या कमी पगारातही परवडते.

ही ऑफर तिथल्या मनुष्यबळ मंत्रालयाच्या नमुन्यातली असावी. तो कागद अरबी व इंग्रजीसोबत तिसऱ्या भाषेतही मिळतो. त्या भाषांत मराठी नाही, पण हिंदी आहे. ती प्रत मागून घेऊन वाचावी आणि मगच सही करावी. पुढे होणाऱ्या करारात या ऑफरपेक्षा कमी काही लिहिता येत नाही. कंपनीच्या साध्या लेटरहेडवरच्या पत्राला हे संरक्षण नाही.

‘व्हिजिट व्हिसावर या, तिथे बदलून घेऊ’

फसवणुकीची सुरुवात बहुतेक वेळा या वाक्याने होते. व्हिजिट व्हिसावर काम करणे यूएईत बेकायदा आहे. विनापरवाना कामावर ठेवणाऱ्या मालकाला २०२४ च्या दुरुस्तीनंतर एक लाख ते दहा लाख दिरहम दंडाची तरतूद आहे. पण पकडला गेलेला कामगारही सुटत नाही. त्याची परत पाठवणी होऊ शकते. शिवाय कागदावर तो कामगारच नसतो. पगार अडला किंवा अपघात झाला, तर मालकाशी नाते सिद्ध करायचे कशाच्या बळावर?

दहावी उत्तीर्ण नसलेल्यांचा पासपोर्ट सहसा ‘ईसीआर’ वर्गातला असतो. त्यांना यूएईत नोकरीसाठी जाण्यापूर्वी सरकारची मंजुरी लागते, ती ‘ई-मायग्रेट’ पोर्टलवरून. सोबत प्रवासी भारतीय बीमा योजनेचा विमा सक्तीचा आहे. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये, तीन वर्षांचा ३७५ आणि अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास संरक्षण दहा लाखांचे. बाकीच्यांना तो ऐच्छिक आहे; एवढ्या किमतीत न काढण्याचे कारण नाही.

आता एजंट. नोंदणीकृत एजंटाला जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, एवढेच घेता येतात, तेही पावती देऊन. दुसरीकडे यूएईचा कायदा म्हणतो की भरतीचा आणि व्हिसाचा खर्च मालकाने करायचा, कामगाराकडून वसूल करायचा नाही. त्यामुळे ‘व्हिसाचे दीड लाख’ मागणारा माणूस कितीही ओळखीचा असला, अगदी गावातलाच असला, तरी त्याचे नाव आधी ई-मायग्रेटच्या यादीत शोधावे.

पहिला महिना स्वतःच्या खिशावर

उतरल्यावर क्रम ठरलेला असतो : रक्ततपासणी व छातीचा एक्स-रे, बोटांचे ठसे, व्हिसा, मग ‘एमिरेट्स आयडी’. हे कार्ड हाती येईपर्यंत बँक खाते उघडणे अवघड जाते. पहिला पगार महिना भरल्यावरच. तोवरचे जेवण, प्रवास आणि कंपनीची जागा नसेल तर भाडे, हे सगळे घरून नेलेल्या पैशांत भागवावे लागते. दीड-दोन महिन्यांची तजवीज ठेवलेली बरी.

फ्लॅटचे भाडे तिथे वर्षाचे ठरते आणि पुढच्या तारखांच्या धनादेशांनी दिले जाते. नवख्या माणसाला ते जमत नाही, म्हणून देरा, बर दुबई, करामा भागांत ‘बेड स्पेस’, म्हणजे खोलीतली एक खाट, भाड्याने घेतली जाते. परवानगी न घेता लाकडी आडोसे घालून केलेल्या खोल्यांवर दुबई पालिकेने २०२५ मध्ये कारवाई सुरू केली. अशा खोलीतून रातोरात बाहेर पडावे लागले तर दिलेली अनामत परत मिळेल याची खात्री नाही. आणि काम जबल अलीत असेल तर देऱ्यातली स्वस्त खाट रोजचे काही तास खाते. आधी कामाची जागा नकाशावर पाहावी.

बॅग भरतानाही एक गोष्ट सांभाळायची. खसखस यूएईत बंदी घातलेल्या पदार्थांत मोडते. घरच्या मसाल्यात ती असते, अनारशांवरही असते. कोडीन, ट्रामाडॉल असलेली औषधे पूर्वपरवानगीशिवाय नेता येत नाहीत. गुटखा तर नकोच. घरच्यांनाही सांगून ठेवावे की व्हॉट्सॲपवर संदेश जातात, पण कॉल सहसा लागत नाही. त्यासाठी बोटिमसारखे परवानगी असलेले ॲप लागते. नाहीतर पहिल्याच रात्री इकडे काळजी सुरू होते.

नोकरी पटली नाही तर?

परिवीक्षा काळ, म्हणजे प्रोबेशन, सहा महिन्यांपेक्षा जास्त असू शकत नाही. या काळात मालक १४ दिवसांच्या लेखी नोटिशीने काढू शकतो. कामगाराला देश सोडायचा असेल तर त्यानेही १४ दिवसांची नोटीस द्यायची; तिथेच दुसरी नोकरी धरायची तर एक महिन्याची. न सांगता निघून गेल्यास वर्षभर नवा परवाना मिळत नाही. ‘पासपोर्ट आमच्याकडे राहू द्या’ हे मात्र चालत नाही. कामगाराची कागदपत्रे अडकवून ठेवायला मालकाला कायद्याने मनाई आहे.

पगार थकला तर तक्रार मनुष्यबळ मंत्रालयाकडे, ॲपवरूनही करता येते. खासगी कंपन्यांचे पगार २००९ पासून ‘वेतन संरक्षण प्रणाली’तून बँकेमार्फत जात असल्याने थकबाकी नोंदीत दिसते. हातात रोख देणाऱ्या मालकाविरुद्ध ही नोंद नसते. ५० हजार दिरहमपर्यंतच्या वादांत मंत्रालय स्वतः निकाल देऊ शकते. सल्ल्यासाठी दुबईत भारतीय वकिलातीचे प्रवासी भारतीय सहायता केंद्र आहे. तिथला टोल फ्री क्रमांक ८०० ४६३४२.

नोकरी संपल्यावर सगळी देणी १४ दिवसांत मिळायला हवीत. ‘तिकडे पाठवून देतो’ या शब्दावर विसंबून अनेक जण तशीच विमाने पकडतात आणि गावी आल्यावर पाठपुरावा सोडून देतात. दावा करण्याची मुदत २०२४ पासून नोकरी संपल्यापासून दोन वर्षे आहे. त्यासाठी सही केलेली ऑफर, करार आणि बँकेतल्या पगाराच्या नोंदी फोनमध्ये आणि घरच्या ईमेलवर, दोन्हीकडे जपून ठेवाव्यात.