वाटेवर विखुरलेली कथा

ज्या व्हिडिओ गेममध्ये खेळाडू आखलेल्या टप्प्यांनी पुढे न सरकता विस्तीर्ण प्रदेशात हवे तेथे भटकू शकतो, त्यास ‘ओपन वर्ल्ड’, म्हणजे खुल्या जगाचा गेम म्हणतात. खेळाडू आधी कोठे जाईल हे ठाऊक नसल्याने त्यातील कथा एका ओघात सांगता येत नाही. ती संवाद, पत्रे, चित्रे, गाणी, पडक्या इमारती अशा अनेक माध्यमांत वाटून प्रदेशभर पेरावी लागते. २०१५ च्या ‘द विचर ३’मध्ये गावोगावचे सूचनाफलक नव्या कामगिरीचा धागा हाती देतात, तर २०१७ च्या ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये जुन्या छायाचित्रांतील स्थळे शोधताना नायकाचा विसरलेला भूतकाळ, कोणत्याही क्रमाने, उलगडत जातो.

कोल्हापूरला ही रीत परकी नाही. अंबाबाई देवीने केलेल्या कोल्हासुराच्या वधाची कथा ‘करवीर माहात्म्य’ या ग्रंथात आहे. मात्र तिचा सगळा भार ग्रंथावर नाही. विजयोत्सवाचे आमंत्रण राहून गेल्याने रुसलेली त्र्यंबोली देवी शहराकडे पाठ फिरवून टेकडीवर जाऊन बसली, अशी आख्यायिका आहे. म्हणून नवरात्रातील ललितापंचमीला अंबाबाईची पालखी तिच्या भेटीस जाते, कुमारिकेच्या हस्ते असुराचे प्रतीक असलेला कोहळा फोडला जातो आणि त्याचा तुकडा मिळवण्यासाठी भाविकांची झुंबड उडते. वधाचे कारण ग्रंथ सांगतो, वध विधीतून डोळ्यांसमोर घडतो, आणि रुसवा काढण्यासाठी थोरल्या देवीलाही देऊळ सोडून टेकडी गाठावी लागते, हे पालखीबरोबर चालणाऱ्याला पायांनी उमगते.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये आणलेला ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ हा गेम खुल्या जगाचा नसून ठरलेल्या वाटेचा आहे, तरीही त्यात दुर्गा आणि विष्णू निवेदन करतात, काही प्रसंग छायाबाहुल्यांच्या शैलीत दिसतात आणि देवतांच्या कथा भित्तिचित्रांतून कळतात. भारतीय कथनपरंपरा पडद्यावर सहज नांदू शकते, हे त्याने दाखवून दिले आहे.

उद्या कोल्हापूरसारख्या क्षेत्रावर खुल्या जगाचा गेम रचायचा झाल्यास देवळांची हुबेहूब प्रतिकृती उभारून भागणार नाही. ग्रंथ, विधी, मूर्ती आणि वाट यांपैकी प्रत्येकाने कथेचा असा अंश सांभाळला पाहिजे, जो दुसऱ्या कोणाला सांगता येत नाही. तरच खेळाडूच्या भटकंतीला अर्थ लाभेल.