खेळातून ख्रिस्ती धर्मशिक्षण

१५४२ साली सेंट फ्रान्सिस झेवियर गोव्यास येऊन पोहोचले. हातात घंटा घेऊन ते रस्त्यांतून हिंडत, मुलांना गोळा करीत आणि त्यांच्याकडून प्रार्थना व धर्माज्ञा म्हणवून घेत. आधी पाठांतर आणि मागाहून अर्थ, हा बालकांच्या धर्मशिक्षणाचा जुना राजमार्ग होय. शुभंकरोती म्हणणाऱ्या घरांतही तो अनोळखी नाही. हा मार्ग सर्वस्वी टाकाऊ आहे, असे म्हणण्याचे कारण नाही. परंतु ज्या मुलाने अजून शाळेचा उंबरठाही ओलांडलेला नाही, त्याला श्रद्धा म्हणजे काय हे कोणत्या वाटेने कळते, या प्रश्नाचे उत्तर पाठांतरात मिळत नाही. ते उत्तर विसाव्या शतकात मुलांच्या खेळात शोधले गेले.

या शोधाचा आरंभ डॉ. मारिया मॉन्टेसरी यांच्यापासून होतो. रोममधील सान लोरेंझो या गरीब वस्तीत ६ जानेवारी १९०७ रोजी त्यांनी आपले पहिले बालगृह उघडले. लहान मूल ऐकून जितके शिकते, त्याहून कितीतरी अधिक ते हाताने वस्तू हाताळून शिकते, हे त्यांनी तेथे पाहिले. पुढे बार्सिलोना येथे हेच तत्त्व कॅथलिक धर्मशिक्षणास लावण्यात आले. उपासनेतील भाकर आणि द्राक्षारस कोठून येतात हे कळावे म्हणून तेथील मुलांनी गहू पेरला व द्राक्षवेल लावली. डॉ. मॉन्टेसरी १९३९ साली भारतात आल्या आणि १९४६ पर्यंत येथे राहिल्या. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांच्या कार्यामुळे त्यांची शिक्षणदृष्टी मराठी समाजात परिचित झाली. तिची ही धार्मिक बाजू मात्र त्या मानाने कमी परिचित आहे.

ती बाजू पुढे नेली दोन इटालियन स्त्रियांनी. सोफिया काव्हालेत्ती या हिब्रू भाषेच्या व बायबलच्या अभ्यासक, तर जान्ना गोब्बी या मॉन्टेसरी पद्धतीच्या शिक्षिका. दोघींनी १९५४ साली रोममध्ये तीन वर्षांपासूनच्या मुलांसाठी एक उपक्रम आरंभिला. त्याच्या खोलीस ‘एट्रियम’ म्हणतात. प्राचीन चर्चच्या पुढील प्रांगणाचे हे नाव. वर्ग आणि मंदिर यांच्यामधली ही जागा होय.

या खोलीत एका गोल पाटावर लाकडी मेंढवाडा मांडलेला असतो. त्याला छोटेसे दार असते. शेजारी मेंढपाळाची व मेंढरांची सपाट लाकडी चित्रे असतात. योहानाच्या शुभवर्तमानातील उत्तम मेंढपाळाचा दाखला शिक्षिका सावकाश सांगते. मेंढपाळ मेंढरांना नावाने ओळखतो, त्यांच्यापुढे चालतो आणि मेंढरे त्याचा आवाज ओळखून मागोमाग जातात. सांगता सांगता ती चित्रे हलविते. मग तेच साहित्य मुलाच्या स्वाधीन होते. मूल मेंढरे बाहेर काढते, पुन्हा आत आणते, दार लावते; हवे तितक्या वेळा हेच करते.

येथे शिक्षिकेची खरी कसोटी लागते. ‘ही मेंढरे म्हणजे आपणच बरे का’ असे ती सांगत नाही. ही मेंढरे कोण असतील, एवढेच ती विचारते. मुलाला ते उमगण्यास कित्येक आठवडे लागतात, कधी महिने. परंतु जे स्वतःला सापडले, ते आपले होते. जे दुसऱ्याने सांगून टाकले, ते त्याचेच राहते. गोळीवर साखर लावावी तसा उपदेशावर खेळ लावला, तर साखर विरघळते आणि कडवटपणा तेवढा उरतो. खेळ हीच मुलाची विचार करण्याची रीत आहे, असे मानणे ही अगदी निराळी गोष्ट होय.

काव्हालेत्ती यांनी आणखी एक महत्त्वाची मर्यादा घातली. सहा वर्षांच्या आतील मुलाला नीतीचे पाठ देऊ नयेत. आपल्यावर कोणाचे तरी अढळ प्रेम आहे, ही खात्री त्याला आधी हवी असते. ‘असे केलेस तर देव रागावेल’ हे वाक्य घरोघरी सहज उच्चारले जाते. त्याने मूल क्षणभर गप्प बसते, पण देव म्हणजे पहारेकरी, ही समजूत मनात घर करून राहते. मेंढपाळाची गोष्ट ऐकलेल्या मुलाला हरवलेले मेंढरू शोधून खांद्यावर घेणारा देव प्रथम भेटतो.

अमेरिकेतील धर्मोपदेशक जेरोम बेरिमन यांनी काव्हालेत्तींपासून प्रेरणा घेऊन अशाच धर्मखेळाची पद्धत घडविली. तिच्यात दाखले सोनेरी पेट्यांत ठेवतात, कारण दाखला ही देणगी आहे. आणि अरण्यातील प्रवासाच्या कथा वाळूच्या पेटीत बोटांनी चालविल्या जातात. गोष्ट संपल्यावर बरोबर-चूक ठरविणारा प्रश्न विचारीत नाहीत. कोणता भाग आवडला, या गोष्टीत तू कोठे आहेस, अशा प्रश्नांवर सारे मिळून नवल करतात.

एक आक्षेप तरीही उरतो. नकार देण्याचे बळ नसलेल्या बालकाच्या मनावर धर्म ठसविणे योग्य आहे काय? हा आक्षेप गंभीर आहे, आणि खेळाच्या नावाखाली बक्षिसे व शर्यती मांडणाऱ्यांना तो पुरेपूर लागू पडतो. खाऊच्या आशेने दिलेले उत्तर हे श्रद्धेचे लक्षण नव्हे. खऱ्या खेळात मात्र न खेळण्याची मोकळीक असते. मूल मेंढवाडा बाजूस सारून दुसरे काही उचलू शकते. ही मोकळीक जेथे खरोखर असते, तेथेच या पद्धतीला अर्थ राहतो. म्हणून तिचे सारे यश मोठ्या माणसांच्या संयमावर अवलंबून आहे. गोष्ट नीट सांगावी, साहित्य मुलाच्या हाती द्यावे आणि त्यानंतर मौन पाळावे. यांतील शेवटची गोष्टच सर्वांत अवघड आहे.